विषय: सणाचा अंक – घरच्या कुत्र्यांचे फोटो हवेत

प्रेषक: अंक समिती

नमस्कार मंडळी,

यंदा सणाच्या अंकात दोन पानं चार पायांच्या सभासदांसाठी राखून ठेवली आहेत. घरीच काढलेला, मागे-पुढे सजावट दिसेल असा एक फोटो पाठवा. स्टुडिओतले नकोत. हललेला फोटो छापल्यावर आणखीच हललेला दिसतो, तेवढं बघून घ्या.

कळावे,
अंक समिती

---

प्रेषक: शेरूची आई

समितीला होकार कळवते, आणि ज्यांना हे जमतं त्यांना एक साकडं घालते. शेरूला लाल टोपी आणि झालरीचा पट्टा घालून माळेसमोर बसवलं की तो नेमकं तोंड फिरवतो. हाक मारली की जांभई देतो. घरात सगळ्यांचं मत पडलं की तो कंटाळलाय. मुलगा सारखा खाऊचं पाकीट वाजवतोय, मी फोन धरून गुडघ्यांवर, आणि ह्यांचं आपलं ‘मागच्या वर्षीचाच पाठवून दे’. काय करावं?

---

प्रेषक: सिंबाचा मामा (कुत्रा ताईचा, कॅमेरा माझा)

शेरूच्या आई,

मला तरी तो कंटाळलेला वाटत नाही, अवघडलेला वाटतो. झोप आलेली नसताना जांभई, उगाच नाक चाटणं, मान वळवणं, पुढचा एक पाय अधांतरी धरणं, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसणं, या सगळ्या ‘आता पुरे’ म्हणायच्या तऱ्हा आहेत. एखादी दिसली तर थांबून बघा. दोन-तीन एकदम दिसल्या तर टोपी काढा आणि त्याला सोडा. असा अवघडलेला कुत्रा फोटोत लपत नाही. टोपी कितीही गोड असो, बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच.

माझ्या मते घोळ क्रमात आहे. आपण आधी पडदा, माळा, खोक्यांची रास मांडतो आणि मग त्या मखरात कुत्र्याला नेऊन बसवतो. त्यापेक्षा दुपारी तो आपणहून कुठे पसरतो ते बघा आणि सजावट तिकडे न्या. बहुतेक कुत्रे खिडकीजवळची जागा धरतात. तिथे उजेड बाजूने येतो, अंथरुण त्याचं, वासही त्याचाच. माळ त्याच्या मागे दीड-दोन मीटर लांब टांगा. दिव्यांचे धूसर गोल होतात आणि वायर तोंडापासून लांब राहते.

घरातला पिवळा दिवा आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की अर्धं तोंड निळं, अर्धं नारिंगी होतं, म्हणून छताचा दिवा घालवा. फ्लॅश तर नकोच. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. समोरून फ्लॅश मारला की डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि शेरू भुतासारखा दिसतो.

गुडघ्यांवर बसणं पुरेसं नाही, सरळ पोटावर झोपा. छायाचित्रकार एलियट अर्विट यांचा 1974 चा न्यूयॉर्कमधला फोटो बघितला असेल: एका बाजूला ग्रेट डेन या धिप्पाड कुत्र्याचे लांबलचक पाय, मध्ये बाईचे बूट, आणि टोकाला टोपी घातलेलं इवलंसं चिहुआहुआ. कॅमेरा त्या चिहुआहुआच्या उंचीवर नसता तर त्यात बघण्यासारखं काही उरलं नसतं. हे अर्विट कुत्र्यांचं लक्ष वेधायला स्वतः भुंकायचे. शेजारी काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा, पण युक्ती लागू पडते.

आवाजाबद्दल एवढंच, की पाकीट सतत वाजवू नका. दोन-तीनदा ऐकलं आणि हाती काही लागलं नाही की त्या आवाजाची किंमत संपली. सगळी तयारी झाल्यावर, बोट बटणावर ठेवून, एकच नवा आवाज करा: चिवचिवणारं खेळणं, किल्ल्या, काहीही. मान तिरकी होते, कान उभे राहतात, तेवढाच क्षण. लगेच खाऊ द्या. दिवसभरात खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, म्हणून त्याच्या रोजच्या वाडग्यातलेच दाणे बाजूला काढून वापरा.

कॅमेरा असेल तर शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) 1/250 सेकंदापेक्षा मंद नको, चुळबुळ्या कुत्र्याला 1/500. त्यासाठी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600 किंवा 3200 वर न्यावा लागला तरी बेलाशक न्या. फोटो थोडा दाणेदार आला तर चालतो, हलला की गेला. लांब तोंडाच्या कुत्र्याला एफ/1.8 वर, म्हणजे भिंगाचं तोंड मोठं उघडून, घेतलं तर नाक लख्ख आणि डोळे धूसर येतात; एफ/4 ठेवा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर धरा. फोनवर मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मी बंदच ठेवतो, तो मिशा आणि कानांवरचे केस कातरल्यासारखे उडवतो. काही फोनवर बटण दाबून धरलं, काहींवर ते बाजूला किंवा खाली ओढून धरलं की एका दमात बरेच फोटो येतात. एक बारीक गोष्ट: शटर फार वेगवान केलं तर एलईडी माळेतले काही दिवे चक्क विझलेले येतात, कारण ते सतत लुकलुकत असतात. आपल्याला ते कळत नाही. कुत्र्याचा डोळा आपल्याहून वेगवान लुकलुक टिपतो, तेव्हा काही माळा त्यांना त्रासदायक वाटत असतील तर नवल नाही.

आता टोपी. तिचा लाल रंग आपल्या हौसेसाठी. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल मळकट-तपकिरी दिसतो. त्याला खुपतं ते हनुवटीखालचं इलॅस्टिक आणि कानांवरचा दाब. टोपी आधी नुसती जमिनीवर टाका, हुंगू दे, वर खाऊ. दुसऱ्या दिवशी डोक्याला टेकवून लगेच काढा. इलॅस्टिक अगदी शेवटी, तेही क्षणभर. रोज चार-पाच मिनिटं बास. तरीही नको म्हणाला तर टोपी त्याच्या पंजाशेजारी ठेवा, फोटो तितकाच सणाचा दिसतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मी कपडे घालणारच नाही. धापा टाकूनच त्यांना अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते, आणि तेच त्यांना धड जमत नाही.

लिहिता लिहिता पाल्हाळ झालं.

सिंबाचा मामा

---

प्रेषक: काळूचे बाबा

मामा, सगळं पटलं. पण आमचा काळू नावाप्रमाणेच काळा, तोंडापासून शेपटीपर्यंत. फोटोत एक डाग आणि दोन डोळे एवढंच येतं. कधीकधी तेही नाही.

---

प्रेषक: सिंबाचा मामा

काळूचे बाबा,

काळूला खिडकीकडे तोंड करून सरळ बसवू नका, कुशीवर उजेड येईल असा बसवा. काळे केस दिसतात ते त्यांच्यावरच्या चकाकीमुळे, आणि ती तिरक्या उजेडातच येते. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पुठ्ठा उभा करा, सावलीतली बाजूही उघडते. मागे गडद सोफा असेल तर त्यावर फिकं काहीतरी टाका.

कॅमेरा सगळ्या जगाला सरासरी करडं समजतो. चौकटभर काळू असला की त्याला वाटतं अंधार पडलाय. तो फोटो उजळतो, काळू राखाडी होतो आणि मागचे दिवे भगभगतात. तेव्हा एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) उणे अर्धा ते एक करा. पांढरा कुत्रा असेल तर उलट, अधिक बाजूला. फोनवर कुत्र्यावर बोट टेकवलं की बाजूला सूर्याची खूण येते, काळूसाठी ती किंचित खाली ओढली की झालं.

---

प्रेषक: नॅनीची आजी

तुम्ही सगळे कॅमेऱ्यात बुडालात, म्हणून मी लिहिते.

चमकीच्या झालरी जमिनीवर नकोत. तो धागा गिळला तर आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि पोट उघडायची वेळ येते. मागून टोक लोंबताना दिसलं तर कोणीही ओढायचं नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. खऱ्या मेणबत्तीऐवजी बॅटरीची मेणबत्ती सगळे सुचवतात, पण तिच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळली तर थोड्याच वेळात अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू असेल तीच आणा, चावून उघडणारी नको. आणि फोटो सजवायला म्हणून चॉकलेटं, मनुका, बिनसाखरेचं च्युइंगगम कुत्र्याच्या नाकासमोर मांडू नका. चॉकलेट आणि मनुका त्यांना विष आहेत, आणि च्युइंगगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर तेही, अन् फारच.

घरात पाहुणे भरलेले असताना हा घाट घालूच नका. सकाळी फिरवून आणल्यावर, घर शांत असताना बसा. नॅनीचा फोटो नंतर पाठवते, हल्ली ती दुपारी उठत नाही.

---

प्रेषक: शेरूची आई

टोपी काढली. माळ गादीच्या मागे हलवली. आता तो मान वळवत नाही, पण थेट माझ्याकडे चालत येतो आणि फोन चाटतो!

---

प्रेषक: सिंबाचा मामा

ताई, पट्टा लावा आणि दुसरं टोक मुलाच्या हातात द्या, त्याला चौकटीबाहेर बसवा. फोन एका जागी टेकवून शेरू असतानाचा एक फोटो काढा, मग शेरूशिवाय त्याच जागेचा एक. दोन्ही जोडून पट्टा सहज पुसता येतो. घरात दोन कुत्रे असतील तर दोघांचे वेगळे फोटोही असेच एकत्र आणता येतात. एकाच वेळी दोघांनी समोर बघावं हा हट्ट धरू नये.

---

प्रेषक: अंक समिती

चर्चा वाचून समितीने ठरवलं: पट्टा पुसलेला चालेल, दोन फोटो जोडलेले चालतील. अ‍ॅपमधून डोक्यावर चिकटवलेली टोपी चालणार नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की आकसतो, म्हणून मूळ फाइल मेललाच जोडा. अर्ध्या पानाला लांब बाजू किमान 2000 पिक्सेल हवी. फाइलला कुत्र्याचं नाव द्या. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असलेल्या कुत्र्यांची ओळख पटवण्यात मागच्या वेळी समितीची एक अख्खी संध्याकाळ गेली.

नॅनीच्या आजी, झोपलेली नॅनीही चालेल.