प्रत्येक गोळीला कोड नको, पण कारण हवंच
रुग्णाच्या नोंदीला कोड लावताना काही जण म्हणतात की औषधं पाच-सहाच्या वर गेली की झेड७९.८९९ हा दीर्घकाळ चालू औषधांचा कोड एकदा लावला की काम संपलं. मला हे पटत नाही. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय कोडच्या यादीत तो कोड 'इतर' औषधांसाठी आहे. रक्त पातळ करणाऱ्या (अँटिकोअॅग्युलंट) औषधांना झेड७९.०१, इन्सुलिनला झेड७९.४ आणि मधुमेहाच्या गोळ्यांना झेड७९.८४ असे वेगळे कोड आहेत. इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू असतील तर दोन्ही लावायचे. मात्र रुग्णालयात दाखल असताना साखर आटोक्यात आणायला तात्पुरतं इन्सुलिन दिलं, तर झेड७९.४ लावायचा नाही. इथे फार जण चुकतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांची नोंद. 'चक्कर येते, गोळी बदलली' एवढ्यावर कोडर, म्हणजे नोंद वाचून कोड लावणारा, काय करणार? औषध नीट घेऊनही त्रास झाला, की चुकून जास्त घेतलं, की परवडत नाही म्हणून अर्धीच गोळी घेतली? तिन्हींचे कोड वेगळे, आणि क्रमही. दुष्परिणाम असेल, म्हणजे औषध नीट घेऊनही त्रास, तर आधी चक्करेचा कोड, मग औषधाचा. विषबाधा असेल, म्हणजे चुकून जास्त घेतलं, तर उलट. हे अंदाजाने ठरवू नका, डॉक्टरांना लेखी विचारा. पुढचा डॉक्टर हीच नोंद वाचून औषध देणार असतो.