जुन्या राउटरवर रिप व्हर्जन १ आणि नव्यांवर व्हर्जन २ : दोन्ही एकत्र चालवता येतील का?

प्रश्न :
मधल्या राउटरला दोन शाखा जोडलेल्या आहेत. पहिल्या शाखेत १७२.१६.१.०/२४, दुसरीत १७२.१६.२.०/२४ आणि मधल्या दोन्ही लिंकना १० ने सुरू होणारे पत्ते आहेत. दुसऱ्या शाखेतल्या जुन्या राउटरला रिपचे (राउटरांनी ठरावीक वेळाने अपडेट पाठवून एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) फक्त पहिले व्हर्जन कळते आणि तो इतक्यात बदलता येणार नाही. सगळीकडे व्हर्जन १ ठेवले, तर मधल्या राउटरच्या टेबलात (मार्गांच्या यादीत) १७२.१६.०.० हा एकच रूट दोन्ही बाजूंनी येतो आणि पिंग कधी लागतो, कधी लागत नाही. मधल्या राउटरवर व्हर्जन २ दिले, तर जुन्या राउटरकडचा रूटच नाहीसा होतो. नेमके कोणते सेटिंग बदलावे?

उत्तर १ :
व्हर्जन १ (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज आरएफसी १०५८, १९८८) अपडेटमध्ये सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, जसे /२४) पाठवतच नाही. त्यामुळे १० च्या लिंकवर अपडेट टाकताना दोन्ही शाखा ‘अख्खे १७२.१६ माझ्याकडे आहे’ असेच सांगतात. व्हर्जन २ मास्क पाठवते. मात्र सिस्कोच्या राउटरवर ते स्पष्टपणे दिले, की व्हर्जन १ ची अपडेट ऐकणेही बंद होते. म्हणून मधल्या आणि पहिल्या शाखेच्या राउटरवर ‘व्हर्जन २’ व ‘नो ऑटो-समरी’ (सबनेट आपोआप एकत्र करून सांगू नये) द्यावे, आणि मधल्या राउटरच्या जुन्याकडे जाणाऱ्या इंटरफेसवर (पोर्टवर) तेवढे ‘आयपी रिप सेंड व्हर्जन १’ आणि ‘आयपी रिप रिसीव्ह व्हर्जन १’ द्यावे.

उत्तर २ :
एवढ्याने अर्धेच काम होईल. त्या इंटरफेसवरून पहिल्या शाखेचा रूट पुन्हा १७२.१६.०.० असाच जाईल, आणि जुन्या राउटरच्या स्वतःच्या पोर्टवर त्याच नेटवर्कचा सबनेट असल्यामुळे तो ती नोंद घेणार नाही. ‘नो ऑटो-समरी’चा व्हर्जन १ वर काहीही परिणाम होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते त्या लिंकचे पत्तेच बदलून १७२.१६.९.०/२४ करावेत. मास्क सगळीकडे /२४ असला, की जुना राउटर आपल्या इंटरफेसचाच मास्क आलेल्या रूटला लावतो आणि सबनेट नीट ओळखतो. पत्ते बदलणे शक्य नसेल, तर जुन्या राउटरवर पहिल्या शाखेसाठी एक स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा मार्ग) लिहावा.

प्रश्नकर्ता :
लिंकचे पत्ते बदलले, तरी पहिली काही मिनिटे काहीच हलले नाही. मधल्या राउटरवर रिपखाली ‘नेटवर्क १०.०.०.०’ एवढीच ओळ होती, ‘नेटवर्क १७२.१६.०.०’ लिहायचे राहून गेले होते, त्यामुळे नव्या पत्त्याच्या इंटरफेसवर रिप सुरूच झाले नव्हते. ती ओळ टाकल्यावर पुढच्या तीस सेकंदांच्या अपडेटमध्ये १७२.१६.२.० स्वतंत्र दिसू लागले. जुना १७२.१६.०.० मात्र टेबलात रेंगाळतो आहे.

उत्तर २ :
तो मुदत संपल्यावर आपोआप जाईल : १८० सेकंदांनी अवैध ठरतो आणि सिस्कोवर २४० सेकंदांनी टेबलातून निघतो. घाई असेल तर ‘क्लिअर आयपी रूट’ द्यावे. व्हर्जन १ मध्ये पासवर्डची सोय नाही, तेव्हा वापरकर्त्यांकडच्या इंटरफेसना ‘पॅसिव्ह-इंटरफेस’ (त्यावरून रिपची अपडेट पाठवणे बंद) अवश्य करावे.