फिजेटला चुळबुळ, मग जर्कला काय?

मुलांच्या गोष्टींचा अनुवाद करताना परवा एका साध्या वाक्यापाशी अडले. समुद्रकिनाऱ्यावरचा खेकडा वाळूवरून ‘स्कटल’ करत जातो. शब्दकोशात अर्थ मिळाला, ‘घाईघाईने पळणे’. अर्थ चूक नाही, पण त्यात खेकडा कुठेच नाही. घाईघाईने तर लोकल पकडणारा माणूसही पळतो.

इंग्रजीत अशा चपळ, अस्वस्थ किंवा झटकेदार हालचालींच्या क्रियापदांची रेलचेल आहे. डार्ट, फ्लिट, स्करी, फिजेट, ट्विच, जर्क, फ्लिंच, लर्च. मराठीत प्रत्येकासाठी एकेक क्रियापद शोधायला गेलं की ‘आपली भाषा तोकडी’ असं वाटायला लागतं. मला हे अजिबात पटत नाही. आपण चुकीच्या कप्प्यात हात घालतो, एवढंच.

इंग्रजी क्रियापद ‘कसं’ ते सांगतं, आणि ‘कुठे’ ते त्याच्यामागून येणाऱ्या इन, आउट, अप अशा छोट्या शब्दावर सोडतं. मराठी उलट करते. शिरला, निघाला, चढला, वळला ही आपली क्रियापदं दिशा सांगतात आणि ‘कसं’ ते त्यांच्या आधी येतं. साप बिळात सुळकन शिरतो. चिमणी भुर्रकन उडते. कुणी हाक मारली की माणूस गर्रकन वळतो. पाल भिंतीवरून सर्रकन जाते. आता यातले सुळकन आणि सर्रकन बदलून बघा. पडदा सर्रकन ओढतात, सुळकन नाही, कारण सर्रकनमध्ये लांब पृष्ठभागावर घासत जाणं आहे, तर सुळकनला अरुंद वाट आणि गुळगुळीत अंग लागतं. एकट्या ‘डार्ट’मध्ये हा फरक मावत नाही. पटकन आणि लवकर मात्र नुसता वेग सांगतात, हालचालीचं रूप नाही. अनुवाद बेचव होतो तो बहुतेकदा या दोघांमुळे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांची पानंच्या पानं आहेत, तीही -कन, -कर, -दिनी, -दिशी अशा सगळ्या शेपट्यांसकट. त्यातली -कन रोजच्या बोलण्यात टिकली, ‘झटदिशी’ अजून अधूनमधून कानावर येतं.

आणखी एक गंमत. तोच ध्वनी एकदा आला की एक झटका, दुणावला की चालू राहिलेली हालचाल. सर्रकन आणि सरसर, टुणकन आणि टुणटुण, फडकन आणि फडफड. इंग्रजीत हेच काम शेवटचा ‘ल’ करतो. ‘वेड’ म्हणजे पाण्यातून पाय ओढत चालणं, त्यावरून ‘वॅडल’ म्हणजे बदकासारखं डुलत डुलत चालणं. ‘वॅग’वरून ‘वॅगल’ तसंच. सुरुवातीचे ध्वनीही बोलतात. फ्लाय, फ्लॅप, फ्लटर, फ्लिट, फ्लिकर ही सगळी एका कुळातली वाटतात. अशा ध्वनिगुच्छांना ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. आपल्या फडफड, फरफर, फुरफुर यांच्याशी त्यांचं रक्ताचं नातं नाही, पण कानाला ओळख पटते. ‘फ्लिट’साठी मात्र माझी पसंती भिरभिरण्याला. फुलपाखरू भिरभिरतं आणि परक्या घरात आलेल्या मुलाची नजरही.

फिजेटला चुळबुळ हा शब्द इतका चपखल आहे की त्यावर वाद नको. फक्त हातात पेन किंवा ओढणीचं टोक असेल तर ती चुळबुळ नाही, तो चाळा. ‘चळवळ’सुद्धा मुळात हीच अस्वस्थ हालचाल. आता तिच्यावर मोर्चे आणि सत्याग्रह स्वार झाले आहेत, तरी चळवळ्या पोर आजही घरोघरी आहे.

जर्कपाशी मात्र मराठी उधळपट्टी करते. एसटीत उभे राहा. ड्रायव्हरने क्लच सोडला की बसतो तो गचका, तो आतल्या माणसांना जाणवतो. चढावर दम तुटलेलं इंजिन देतं ते आचके, आणि आचका बाहेरून येत नाही, तो त्या वस्तूच्या किंवा जिवाच्या आतून येतो, बहुधा शेवटाकडे. कुणी हातातली पिशवी ओढली तर तो हिसका. बैल मान झटकून दावं तोडायला बघतो तो हिसडा, हिसक्यापेक्षा दांडगा. झटका विजेचाही असतो आणि तापात लहान मुलाला येतो तोही. या पाचांच्या जागी सगळीकडे ‘धक्का’ लिहिलेला दिसला की मला खरंच वाईट वाटतं.

फ्लिंचला पुष्कळ जण ‘दचकणे’ लावतात. दचकायला अचानकपणा लागतो. इंजेक्शनची सुई समोर दिसत असताना मूल दचकत नाही, अंग चोरतं. आणि ‘तो जराही फ्लिंच झाला नाही’ याला ‘त्याची पापणीही लवली नाही’ याहून सुंदर मराठी मला सुचत नाही. डोळ्याच्या ट्विचलाही तेच क्रियापद आहे, उजवा डोळा लवतोय. पण गाईच्या पाठीवर माशी बसली की ती तेवढीच कातडी थरथरवते, तिथे लवणं चालणार नाही. लर्चसाठी दारुड्याला भेलकांडणं, चालत्या गाडीला हेलकावा.

राहिला खेकडा. कोकणातल्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसलं की दिसतं, तो आधी थबकतो, डोळे वर काढतो, मग पाय दिसूही नयेत असा आडवा सुटतो. मी लिहिलं: ‘खेकडा तुरुतुरु आडवा पळाला आणि सुळकन बिळात शिरला.’ एका ‘स्कटल’साठी चार-पाच शब्द खर्ची पडले. संपादकांना वाक्य लांब वाटलं. मी ते तसंच ठेवायला सांगितलं आहे.