बिली पोर्टर: गाऊनने गळा झाकला का?

नंदिनी_क
बिली पोर्टर या अमेरिकी गायक-नटाचं नाव काढलं की लोकांना २०१९ च्या ऑस्करमधला तो काळा मखमली पोशाखच आठवतो. वर टक्सिडो, खाली जमिनीवर पसरलेला घेर. पोशाख देखणा होता, वाद नाही. पण पिट्सबर्गच्या चर्चमध्ये तयार झालेला हा गळा! १९९६ च्या 'द फर्स्ट वाइव्ह्ज क्लब' चित्रपटातलं त्याचं 'लव्ह इज ऑन द वे' ऐका. पुढच्याच वर्षी सेलीन दियाँने ते गायलं आणि लोकांनी तिचं म्हणून लक्षात ठेवलं. अभिनय, लेखन, दिग्दर्शन, फॅशन... इतक्या ठिकाणी हात घातल्याने त्याच्यातला गायक मागे पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटसरू७
साफ असहमत. गायक मागे पडला नाही, त्याला मागे ठेवलं गेलं. १९९७ मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने त्याचा अल्बम काढला. आर अँड बी या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतप्रकाराच्या बाजाराला तेव्हा बायकांवर प्रेमगीतं गाणारा रांगडा पुरुष हवा होता. कृष्णवर्णीय आणि गे, त्यातही चालण्याबोलण्यात ते न लपणारा माणूस त्या साच्यात बसणार कसा? हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. २००७ या एकाच वर्षात मधुमेह, दिवाळखोरी आणि एचआयव्हीचं निदान. अशा माणसाला 'एकाच कलेला धरून राहा' म्हणणं अन्यायाचं आहे. काम मिळेना म्हणून तो स्वतः लिहू लागला, नाटकं बसवू लागला.

मीरा_ठाणे
आणि गाणं सुटलं कुठे? 'किंकी बूट्स' या संगीत नाटकातल्या लोलाच्या भूमिकेसाठी २०१३ चं टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचं मोठं पारितोषिक मिळालं, ते गात-नाचतच. तेही उंच टाचांच्या बुटांत, आठवड्याला आठ प्रयोग!
'पोज' या टीव्ही मालिकेतला त्याचा प्रे टेल तर विसरूच नका. न्यूयॉर्कच्या बॉलरूममध्ये, म्हणजे गे आणि ट्रान्स लोकांच्या वेष-नृत्य स्पर्धांत, माइकवरून सगळ्यांना गुण द्यायला लावणारा, आणि एड्सच्या वॉर्डात रुग्णांसाठी गाण्यांचा कार्यक्रम करणारा निवेदक. पात्र एचआयव्हीग्रस्त, नटही. पण नटाने ते जगाला सांगितलं थेट मे २०२१ मध्ये, मालिका संपत आली तेव्हा. त्या वॉर्डातल्या प्रसंगात तो गातो तेव्हा मला फक्त गाणं ऐकू येत नाही. २०१९ चं एमी हे टीव्हीचं पारितोषिक त्याला याच भूमिकेसाठी मिळालं. नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्याचं एमी जिंकणारा तो पहिला उघडपणे गे असलेला कृष्णवर्णीय.

अनिकेत_द
भूमिका मान्य, श्रेय घेणं मान्य नाही. ब्रिटिश गायक हॅरी स्टाइल्स 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर झग्यात आला, तर पोर्टर म्हणाला की पुरुषांनी झगे घालण्याची ही चर्चा मी सुरू केली. मग सिल्व्हेस्टर या कृष्णवर्णीय गे गायकाचं काय? सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत तो चमचमत्या वेषात गात होता.

वाटसरू७
त्याबद्दल पोर्टरने नंतर हॅरीची जाहीर माफी मागितली. मूळ सवाल मात्र खरा होता. सिल्व्हेस्टर होऊन गेल्यावरही मुखपृष्ठ मिळालं ते गोऱ्या गायकालाच.

नंदिनी_क
अनिकेत, सिल्व्हेस्टरचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. त्याचा वेष भरजरी असूनही आज आठवतो तो त्याचा आवाज. मीरा, टोनी-एमी कबूल, पण दोन्ही भूमिकांचे मान आहेत. पोर्टरचा २०२३ चा 'ब्लॅक मोना लिसा' हा अल्बम पुन्हा नाचाच्या ठेक्यावर गेला. मला त्याचा फक्त पियानोवर गायलेला अख्खा अल्बम हवाय.

मीरा_ठाणे
तो मलाही हवाय. पण 'अ स्ट्रेंज लूप' हे कृष्णवर्णीय गे लेखकावरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर आलं, तेव्हा निर्मात्यांमध्ये पोर्टर होता आणि २०२२ चं टोनी त्या नाटकाला मिळालं. नुसता गायक राहिला असता, तर तिथे त्याला कोण विचारणार होतं?