कायम रात्रीची खेप की एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र?

निफाडचा_ड्रायव्हर:
शेठने दोन पर्याय दिले: कायम रात्र, किंवा आठवड्याला पाळी बदल. मी कायम रात्र घेतली. बरोबरच्या दोघांनी वेड्यात काढलं, म्हणून इथे मांडतो.

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा लिलाव दुपारनंतर. कॅरेट लावून, ताडपत्री ओढून दोरी आवळेपर्यंत साडेनऊ वाजतात. पहाटे वाशी मार्केटला गाडी लागली नाही तर भाव पडतो, आणि मग शेतकऱ्याचा फोन उचलवत नाही. हा माल दिवसा नेताच येत नाही. शिवाय रात्री टायर तापत नाहीत, रस्ता मोकळा. दिवसा गर्दीच्या वेळी मुंबईत अवजड गाड्यांना बंदी, नाक्याबाहेर ताटकळायचं.

रात्र वाईट नाही. शरीराला रोज एकच वेळ दिली की ते ऐकतं. साडेअकराला घरी येतो, जेवतो, खिडकीला काळी चादर लावतो, फोन बायकोकडे देतो आणि झोपतो. दर आठवड्याला वेळ फिरवली की ना ही झोप, ना ती.

सिन्नरची_ताई:
दादा, तो फोन सहा वर्षं माझ्याकडे होता. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवायचे. तरी मुलं शाळेतून आली की यांची झोप मोडायचीच. मुलीने शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढलं, त्यात बाबा पांघरुणाखाली, नुसते पाय दिसतायत. ते चित्र मी जपून ठेवलंय.

आणि शरीर ऐकतं म्हणता, मग सुट्टीच्या दिवशी काय करता? लग्नाला, बँकेत दिवसाच जाता ना? म्हणजे वेळ दर आठवड्याला फिरतेच. यांना बेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. रात्री दोनला धाब्यावर पोटभर जेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. जास्तीच्या भत्त्यासाठी हे घेऊ नका.

जुना_कसारा:
ताईंचं पटतं, पण मला वेगळंच खटकलं. भाऊ, तुमचे तास मोजा. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेअकरा, चौदा तास झाले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास लिहिले होते, लांब पल्ल्याला फार तर १०, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. घात जाताना होत नाही, येताना होतो. माल खाली झाला की मन सैल पडतं, समोरून ऊन येतं. माझा डोळा येतानाच लागला, शहापूरच्या पुढे, सकाळी साडेसातला. क्लीनरने स्टेअरिंग धरलं म्हणून आज लिहितोय. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, सगळं करून झालं होतं. गाडी बाजूला लावून पडणं, एवढंच राहिलं होतं.

दोन_गाड्यांचा_मालक:
मालकाचंही ऐका. वाशीला गाडी दुपारपर्यंत उभी ठेवली तर त्या रात्रीचं भाडं गेलं. हप्ता थांबत नाही. दुसरा ड्रायव्हर ठेवावा, तर या भाड्यात दोन पगार निघत नाहीत. ड्रायव्हर मरावा असं कुणाला वाटतं?

निफाडचा_ड्रायव्हर:
ताई, सुट्टीच्या दिवसाचं तुमचं खरं आहे, मी तसा विचार केला नव्हता. पण आठवड्याची पाळी त्यावर उपाय नाही, हे अजूनही म्हणतो.

काका, तास मी कधी मोजलेच नव्हते. खेपेवर पैसे मिळतात, त्यामुळे खेपाच मोजल्या. वाशीला झोपायचं तर केबिनमध्येच. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, पण माझी गाडी २०१७ ची. आठ वाजले की पत्रा तापतो, बाहेर हमालांची हाकाहाकी.

तरी उद्या शेठशी बोलतो: रात्रच घेतो, पण खेप दिवसाआड, आणि पैसे खेपेवर नाही, महिन्याच्या पगारावर. मालक दादा, तुमच्या गाडीवर असतो तर किती दिले असते?

दोन_गाड्यांचा_मालक:
आज रात्री हिशोब मांडतो. सकाळी आकडा टाकतो.