एकट्याने गाडी काढायची का? आपापले अनुभव सांगा

कोयनाकाठ

माझं सासर कराड, माहेर चिपळूण. मधे कुंभार्ली घाट. आईला दर महिन्याला दवाखान्यात दाखवावं लागतं, म्हणून दोन वर्षं मी एकटीच गाडी घेऊन जाते. अंतर साधारण १०० किलोमीटर. निघताना घरात दर वेळी तेच: "एकटी कशाला जातेस? एसटी आहे की." १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालंय आणि एसटीने मीही पुष्कळ फिरलेय. पण गुडघे धरलेल्या आईला रिक्षात चढवणं-उतरवणं मला बघवत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये घाट उतरताना मागचं डावं चाक बसलं. संध्याकाळचे साडेसहा, धुकं, फोनला रेंज नाही. स्टेपनी होती, जॅक होता, पण नट हलेनात. पान्यावर सगळा भार टाकला तरी ढिम्म. तेवढ्यात मागून एक ट्रक येऊन थांबला आणि मी पटकन आत बसून काचा वर घेतल्या. ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. तो जवळ आलाच नाही. आधी रस्त्याकडेचे दोन दगड आणून चाकांना लावले, मग लांबूनच म्हणाला, "ताई, गाडीत बसू नका. मागून कोणी ठोकलं तर? कठड्याकडं उभ्या राहा." पान्यावर पाय देऊन उभा राहिला तेव्हा पहिला नट 'कट्' करून सुटला. मी मोबाईलचा उजेड धरला. पैसे देऊ केले तर म्हणाला, "माझी पण गाडी कुठंतरी बंद पडतेच की."

सगळा वेळ मी त्या माणसाला भीत होते. भ्यायला हवं होतं ते मी गाडी उभी केली होती त्या वळणाला. तेव्हापासून हे मनात घोळतंय. तुम्ही एकटे जाता का? काय घडलं? जाणं सोडलंत तर का सोडलंत, तेही लिहा.

वऱ्हाडवाट

नागपूरहून संभाजीनगरला समृद्धीवरून एकटा गेलो होतो, कारने. दुपारचं जेवण अंगावर आलेलं, रस्ता सरळसोट. वेग ११०, म्हणजे मर्यादेतच. एकदम चाकाखाली पट्ट्यांचा खडखडाट झाला आणि कळलं की गाडी कडेला सरकलीय. झोप लागली नव्हती, डोळे उघडे होते. पण मागचे दहा किलोमीटर आठवेनात! शेजारी कोणी असतं तर बोलणं झालं असतं, माझी मान कलल्याचं दिसलं असतं. आता दर दोन तासांनी उतरतो, तोंडावर पाणी मारतो, दहा मिनिटं चालतो. डोळे जड झाले तर सीट मागे करून सरळ झोपतो. पोचायला उशीर होतो, होऊ दे.

हिरवी खिडकी

मी सोडलं. पुणे-नगर रस्त्यावर रात्री नऊच्या सुमाराला एक गाडी मागे लागली. मी हळू केली की तीही हळू, मी पुढे गेले की तीही पुढे. ११२ ला फोन लावला आणि पहिला उजेडाचा पेट्रोल पंप दिसला तिथे गाडी आत घेतली. पंपावरच्या पोरांनी खुर्ची दिली, पोलीस येईपर्यंत दोघं शेजारी उभे राहिले. ती गाडी निघून गेली होती. काहीच झालं नाही असं सगळे म्हणतात, पण माझे हात दुसऱ्या दिवशीही थरथरत होते. दिवसा जाते अजून. अंधार पडल्यावर नाही.

स्टेअरिंग ३१ वर्षं

मी एसटीत चालक होतो. ताई, घाटाचं एक लक्षात ठेवा: ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बघितलेत आणि खाली तापून निकामी झालेले ब्रेकही बघितलेत. दुसरं, पाण्याचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल गेला आणि आमच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. तेव्हा मी नोकरीत होतो. त्या गाड्यांत कोणीच एकटं नव्हतं. पावसाळ्यात रात्रीचं पाणी दिसत नाही, पुढचा रस्ता आहे की नाही तेही दिसत नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असलं तर थांबा, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

सड्यावरचा

सायकलवर रेवदंड्यापासून मालवणपर्यंत एकटाच गेलो, नऊ दिवस. दाभोळला सायकल फेरीबोटीत घालून धोपाव्याला उतरलो, पुढे तवसाळहून जयगडला तसंच. मित्रांबरोबर गेलो की आम्ही आमच्यातच बोलतो. एकटा होतो म्हणून हेदवीत एका आजींनी हाक मारून ओसरीवर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि "घरी कळवलंस का रे?" म्हणून समोर फोन करायला लावला. माझ्यासाठी त्या नऊ दिवसांची किंमत खूप आहे. मी पुन्हा जाणार.

तांबडी माती

मला हे लिहायला जड जातंय. माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवर एकटा कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाला. आंबा घाटाच्या अलीकडे गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात पडला. वरून दिसत नव्हता. रात्री फोन आला नाही, आम्हाला वाटलं पोचून झोपला असेल. पहाटे दूध घालायला निघालेल्या एकाला गाडीचा आरसा चमकलेला दिसला. पायाचं हाड मोडून तो सात तास तिथे पडून होता. वाचला, पण अजून लंगडतो.

दूधवाल्याने १०८ ला फोन केला, पण नाव सांगेना. पोलिसांचं लचांड मागे लागेल असं त्याला वाटत होतं. म्हणून सांगते: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे टपरीवर, दूध डेअरीवर, सगळीकडे सांगा.

आणि मत विचाराल तर, एकट्याने हौसेसाठी जाऊ नये. त्या रात्री मी शांत झोपले होते.

कोयनाकाठ

तांबडी माती, तुमचं दोनदा वाचलं आणि मग घरच्यांनाही वाचून दाखवलं. मी जाणं थांबवू शकत नाही, आईची तारीख येत्या शनिवारी आहे. पण आता सकाळी साडेसहाला निघेन, म्हणजे घाट उजेडात उतरेन. धोक्याचा त्रिकोण आणला. लांब दांड्याचा पाना घेतला आणि काल अंगणात चारही चाकांचे नट स्वतः सोडून परत आवळले. कोयनानगरहून भावाला फोन करेन, पोफळीत उतरले की दुसरा. मधल्या वेळाचा अंदाज आम्ही ठरवलाय. तेवढ्यात फोन आला नाही तर तो चिपळूणहून निघेल, वाट बघत बसणार नाही.