निरगुडीचं तेल पावसाळ्यात तीन आठवड्यांत खवट होतंय, नेमकं कुठे चुकतंय?

पारसिककन्या (कळवा)

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी निरगुडीचं तेल हवं आहे. वय ६४, एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांची झीज. बीपीची गोळी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

कृती अशी केली: पाव किलो ओला पाला मिक्सरमधून काढला, अर्धा लिटर घाण्याच्या तिळाच्या तेलात टाकला, पाला काळा पडेपर्यंत मध्यम आचेवर उकळलं, गरम असतानाच गाळून प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावलं. तीन आठवड्यांत तळाशी गाळ, वर पांढुरकी साय आणि वास खवट. आधीच्या घाण्यालाही हेच झालं होतं.

प्रमाण चुकतंय की भांडं? खराब झालेलं तेल पुन्हा कढवून चालेल का? ठाण्याच्या बाजूला ताजा पाला कुठे मिळतो? आणि बरोबर हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, गुग्गुळ असं पोटातून काही सुरू करावं का?

नौपाडा_काष्ठौषधी

आधी खराब तेलाचं. फेकून द्या. बुरशी कढवल्याने मरेल, पण खवटपणा जात नाही आणि तसलं तेल त्वचेला खाज आणतं.

तुमच्या तेलात पाणी राहिलंय, बाकी सगळं त्यातूनच आलंय. पाला काळा पडला म्हणजे तेल झालं असं नसतं. ओल्या पाल्यातलं पाणी तळाशी बसतं, वरचं तेल तापून पाला करपतो आणि खाली थेंब तसेच राहतात. त्यात गरम तेलावर झाकण लावलंत, म्हणजे वाफ आतच थंड होऊन पुन्हा पाणी झाली. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशीला आणखी काय हवं?

प्रमाणही उलटं झालंय. जुना हिशोब असा: तेलाच्या चौपट रस, आणि रस वापरत असाल तर कल्क (म्हणजे वाटलेली चटणी) तेलाच्या आठव्या हिश्शाने. २५० मिली तेलाला १ लिटर रस आणि साधारण ३० ग्रॅम कल्क. निरगुडीच्या पानात रस कमी असतो, म्हणून सव्वा किलो पाला पाऊण लिटर पाण्यात थोडा थोडा वाटून सुती फडक्यातून पिळून घ्या. एवढा पाला मिळत नसेल तर सावलीत वाळवलेला २५० ग्रॅम पाला ४ लिटर पाण्यात उकळून १ लिटर उरवा. असा काढा वापरला तर कल्क सहाव्या हिश्शाने, ४० ग्रॅम.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं किंवा कल्हईचं पितळी, आणि तीन लिटरचं तरी असू द्या, कारण शेवटी तेलाला फेस येतो. ॲल्युमिनियम नको. तेल आधी मंद तापवा, खाली उतरवा, कोमट झालं की कल्क घाला, मग रस. उकळत्या तेलात रस ओतलात तर अंगावर उडेल. आच अशी ठेवा की पृष्ठभाग फक्त हलत राहील, खळखळणार नाही. उलथन्याने तळ सतत खरवडत राहायचा, कारण कल्क तळालाच धरतो. याला दोन-अडीच तास सहज जातात. काम दुसऱ्या दिवसावर गेलं तर अर्धवट पाक पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवू नका, आंबतो. झाकून ठेवा आणि सकाळी आधी एक चांगली उकळी काढा.

झालं कधी म्हणायचं? तळातला कल्क चमच्यावर घ्या. वरचा नाही, तळातला. थोडा निवू द्या आणि अंगठा-तर्जनीत वळा. चिकटला, लगदा झाला तर कच्चं. सुटसुटीत वात वळली तर वेळ आली. ती वात चिमट्यात धरून दिव्यावर न्या. तडतडली तर पाणी आहे, आवाज न होता पेटली तर नाही. त्याच सुमाराला तेलावर बारीक फेस चढतो. वात वळताच भुगा व्हायला लागली तर मात्र पुढे गेलात, वासात करपट येतो.

गॅस बंद करून दहा मिनिटांनी, हाताला सोसवेल इतकं गरम असताना दुहेरी फडक्यातून गाळा. फडकं शेवटी करकचून पिळू नका, गाळ उतरतो तो त्यातूनच. भांड्यावर नुसतं फडकं टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं नितळ तेल काचेच्या गडद बाटलीत भरा, तळातलं दोन चमचे सोडून द्या. बाटली धुतल्यावर नुसती पुसून भागत नाही, पूर्ण वाळवावी लागते. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा मंद ओव्हनमध्ये. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांच्या पुढे नको.

तवा_आणि_थर्मामीटर (वाशी)

वातीची परीक्षा खरी, पण पहिल्यांदा करणाऱ्याला तडतड ऐकू येईल की नाही शंका असते. स्वयंपाकाचा लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. तेलात पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या आसपास अडकून राहतं, कितीही वेळ लावा. पाणी संपलं की काटा झपाट्याने चढतो. ११० दिसलं की समोरून हलायचं नाही, ११५ ते १२० ला गॅस बंद. करपतं ते याच शेवटच्या काही मिनिटांत. टोक तळाला टेकवू नका, नाहीतर भांड्याचं तापमान मोजाल.

वाळका पाला घेताना पिशवी उघडून वास घ्या. निरगुडीचा वास उग्र, थोडा कापरासारखा असतो. नुसत्या गवताचा वास आला तर पाला जुना आहे. सुटा, पाव-अर्धा किलो घ्यायचा तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातल्या काष्ठौषधीवाल्यांकडे विचारा. वाशीचं मसाला मार्केट घाऊक आहे, सुंठ-हळकुंडं पोत्याने घ्यायची नसतील तर तिथे जाण्यात अर्थ नाही.

कुंडीतली_निरगुडी (घोडबंदर रोड)

ताज्या पाल्यासाठी येऊर सुचवणारे भेटतील. ऐकू नका. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून पाला तोडणंही गुन्हा आहे. निरगुडी नाल्याकाठी आपोआप वाढते हे खरं, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नाल्यांच्या काठचा पाला अंगाला लावायच्या तेलात नको. त्या पाण्यात काय काय उतरतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सर्वांत सोपं म्हणजे सोसायटीच्या कुंपणाला लावा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी, निम्मी मातीत, निम्मी वर. गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच गावाकडे तिचं कुंपण करतात. बाल्कनीत १४ इंची कुंडी पुरते, पण ऊन चार-पाच तास हवं. छाटत राहिलं तर पाला दाट येतो.

ओळख: देठाला तीन किंवा पाच पानं, पंज्यासारखी. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुलं निळसर जांभळी, बारीक. पान चुरगळून वास घ्या. तीनच पानांची फांदी दिसली तर लगेच तोडू नका, पाच पानांची शोधून खात्री करा.

गुणकारी_पाला

निरगुडीबरोबर रुईची पानं आणि थोडा धोत्रा घातला तर दुप्पट गुण येतो. आणि तेल झाल्यावर त्यात गंधपुरा तेल मिसळायचं, लगेच उतार पडतो.

ऐरोली_औषधविक्रेता

वरच्या तिन्ही गोष्टी या घरात नकोत. कारणं सांगतो.

रुईचा चीक हाताला राहतो आणि तो हात डोळ्याला लागला तर बुबुळ सुजून दिसायला धूसर होतं. रुईचं पान शेकाला वापरणारे देठाचा चीक पूर्ण निथळू देतात, घरी एवढी काळजी घेतली जात नाही. धोत्र्याचं विष कातडीतूनही थोडं आत जातं. तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, वयस्कर माणसाला बडबड-गोंधळ. काचबिंदू असेल तर आणखी वाईट.

गंधपुरा म्हणजे जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचा सख्खा भाऊ. त्याच्या एका चमच्यात, ५ मिलीत, साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो. म्हणून ती बाटली मुलांच्या हाती लागेल अशी कधीच ठेवू नये. चोळल्यावरही ते रक्तात उतरतं, वर गरम पिशवी ठेवली तर जास्तच. ताई, सासूबाईंची रक्त पातळ करायची गोळी कोणती ते पाकिटावर बघा. वॉरफेरिन असेल तर गंधपुरा असलेली मलमं, बाम, तेलं बंद. बाजारातल्या बहुतेक वेदनाशामक तेलांत ते असतंच, लेबल वाचा.

पोटातून घ्यायच्या गोष्टींबद्दल. भाजीतली हळद, दुधात पाव चमचा, यात अडचण नाही. कॅप्सूलचं गणित वेगळं. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं, कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क भरलेला असतो आणि तो शोषला जावा म्हणून मिऱ्याचं पिपेरिन घालतात. हाच अर्क रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवू शकतो आणि काही लोकांत यकृताला सूज आणतो. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखली नव्हती असं त्यांचं म्हणणं. वाद कुणाचाही खरा असो, लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेली असं दिसलं तर बंद करून तपासणी करायची. गुग्गुळ वैद्यांनी बघून दिला तरच, आणि त्यांना आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून.

सुटं, बिनलेबलचं 'सांधेदुखी स्पेशल' चूर्ण मात्र कधीच नाही. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला की समजा आत स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक आहे. चेहरा सुजणं, साखर चढणं ही पुढची खूण. अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना पुडी दाखवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

फिजिओ_नेरुळ

तेलाचा जो गुण येतो त्यातला बराचसा चोळण्याचा आणि शेकाचा असतो, एवढं धरून चालावं. दोन्ही गुडघ्यांना मिळून दोन चमचे तेल पुरे. बाटली गॅसवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. मांडीच्या खालच्या भागापासून सुरुवात करा, वाटीवर जोर नको, वाटीच्या दोन्ही कडांनी गोल हात फिरवा, दहा मिनिटं. मग टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी दहा-पंधरा मिनिटं. लगेच फरशीवर उठू देऊ नका, तेलकट तळव्याने घसरून पडणं हे गुडघेदुखीपेक्षा महाग.

तेल जमेपर्यंत पाल्याची पोटली करा. दोन ओंजळी चिरलेला निरगुडीचा पाला, असल्यास एरंडाचं एखादं पान, एका लिंबाच्या चकत्या, मूठभर खवलेला नारळ. दोन मोठे चमचे तिळाच्या तेलात पाला कोमेजून कडा तांबूस होईपर्यंत परता. जुन्या सुती साडीचे हातभर चौकोन घेऊन दोन पोटल्या बांधा. एक गुडघ्यावर, दुसरी तव्यावर मंद आचेला. प्रत्येक वेळी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं, दोन सेकंद ठेवता आली तरच पुढे. मधुमेह असून पायांना बधिरपणा असेल तर पोटली नको. त्यांना चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो. त्याच दिवशी वापरून टाका, नारळ-लिंबू दुसऱ्या दिवशी आंबतं.

आणि कधी हात लावायचा नाही तेही लिहितो. गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल तर ना मालिश, ना शेक. बरोबर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर ती अजिबात चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते.

रोज आडवं झोपून एक पाय सरळ वीतभर उचलायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे तेलाइतकं आवडत नाही कुणाला.

पारसिककन्या (कळवा)

धन्यवाद सगळ्यांना. पाकीट पाहिलं, वॉरफेरिनच आहे. घरातला बाम वाचला, त्यात मिथाइल सॅलिसिलेट निघालं, तो बाजूला काढला. डॉक्टरांना विचारते. त्याऐवजी चोळताना गारवा वाटेल असं काही?

ऐरोली_औषधविक्रेता

आयएनआर तपासणीची (वॉरफेरिनने रक्त किती पातळ झालंय ते बघणारी) तारीख जवळ नसेल तर तेही विचारा, आणि बाम किती दिवस लावत होता ते सांगा.

गारव्यासाठी पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉलचे खडे, तेलात अगदी थोडे: १०० मिली कोमट तेलात १ ग्रॅम. त्याने सूज उतरत नाही, कातडीला थंड वाटून दुखणं काही वेळ विसरायला होतं, बस. मेंथॉल लावल्यावर गरम पिशवी नाही. आणि हे मिश्रण वेगळ्या छोट्या बाटलीत करा, सगळ्या तेलात घालू नका. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या नाकाजवळ हे हात जाता कामा नयेत. कापूर तर त्याहून दूर, पोटात गेला तर झटके येतात.

कुंडीतली_निरगुडी (घोडबंदर रोड)

फांद्या ऑगस्टच्या आत लावा, पावसात पटकन धरतात. पहिला पाला तोडायला किमान चार-पाच महिने थांबा. तोवर वाळका पाला आणि काढ्याचं प्रमाण.